टर्कीला साद घालताना

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात टर्की या रानपक्ष्याची वसंतातली शिकार सुरू होते ती डिसेंबरात, आणि तीही कागदावर. 10 डिसेंबरच्या आत अर्ज भरायचा, कुठला झोन आणि कुठला आठवडा हवा ते पसंतीक्रमाने सांगायचं आणि सोडतीची वाट बघायची. एप्रिलच्या तिसऱ्या बुधवारपासून मेअखेरपर्यंत सात-सात दिवसांचे सहा हप्ते असतात, ए पासून एफ पर्यंत. आपला हप्ता संपला की पक्षी दारात येऊन नाचला तरी हात लावायचा नाही. मला ‘सी’ लागला, म्हणजे मेचा पहिला आठवडा. यावर ऑफिसातल्या शिकाऱ्यांत लगेच दोन तट पडले. ‘ए’ मध्ये पक्षी बेसावध असतात पण नर माद्यांच्या गराड्यात असतो, त्याला तुमची गरज नसते, असं एकांचं म्हणणं. उशिराच्या हप्त्यात माद्या अंड्यांवर बसलेल्या असतात, नर एकटा पडतो, पण तोवर झाडांना पानं फुटून समोरचं काही दिसत नाही, असं दुसऱ्यांचं. ‘सी’ दोन्हींच्या मधला. माझ्या उस्तादांनी मान डोलावली, म्हणजे ठीक असावा.

उस्ताद म्हणजे आमच्या ऑफिसातले निवृत्तीला टेकलेले एक सहकारी. राज्यात टर्कीचा पहिला हंगाम 1983 च्या वसंतात उघडला, तेव्हापासून हे गृहस्थ दरवर्षी जातात. बोलणं मोजकं. मी जेवणाच्या सुट्टीत एकदा “मलाही यायचंय” म्हटलं, तर पहिला प्रश्न आला: “दोन तास न हलता बसता येतं का?”

आता जरा कायद्याचं, कारण आपल्या लोकांना हे सहसा ठाऊक नसतं. मी तेव्हा एच-वन-बी वर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर होतो. नॉन-इमिग्रंट व्हिसावर असणाऱ्याला अमेरिकेत बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला फेडरल कायद्याने बंदी आहे. दुसऱ्याची बंदूक तेवढ्यापुरती हातात घेतली तरी ते बाळगणंच धरलं जाऊ शकतं. यात मोजके अपवाद आहेत आणि त्यातला एक म्हणजे कुठल्याही राज्याचा चालू मुदतीचा शिकार परवाना. म्हणजे आधी परवाना, मग बंदुकीला हात, हा क्रम. ग्रीन कार्ड असेल तर हा प्रश्न येत नाही. ज्यांच्या कागदपत्रांचं काही अर्धवट लटकलेलं आहे त्यांनी वकिलाला विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नये. इथे हौसेपायी व्हिसा घालवण्यात शहाणपण नाही.

परवान्यासाठी हंटर एज्युकेशन. 1 जानेवारी 1973 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या कुणालाही इथे त्या प्रमाणपत्राशिवाय परवाना मिळत नाही. जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली नवख्याला शिकार करता येते, तशी सोय आहे, पण मला रीतसर शिकायचं होतं. मोठ्यांना हा अभ्यासक्रम ऑनलाइनही करता येतो. मी मुद्दाम वर्गात बसलो. वर्गात बहुतेक सगळी बारा-तेरा वर्षांची पोरं, मागे त्यांचे बाप कॉफी पीत बसलेले आणि मध्ये मी. चार नियम इतक्या वेळा म्हणून घेतले की झोपेतही सांगेन: प्रत्येक बंदूक भरलेली आहे असंच समजा, नळी कायम सुरक्षित दिशेला ठेवा, नेम कशावर आहे आणि त्याच्या पलीकडे काय आहे याची खात्री करा, झाडायची वेळ येईपर्यंत बोट ट्रिगरच्या कड्याबाहेर ठेवा. मग कुंपण ओलांडण्याची तालीम. बंदूक रिकामी करायची, ती उघडी आहे हे जोडीदाराला दाखवायचं, त्याच्या हातात द्यायची, आपण तारेखालून जायचं, पलीकडून पुन्हा घ्यायची. माझी जोडीदार एक केसांना रबर लावलेली, दातांना तारा असलेली मुलगी होती. “सर, तुमची नळी माझ्या बुटाकडे आहे का ते बघा,” असं तिने मला अतिशय शांतपणे सांगितलं. नव्हती, पण मी बघितलं.

टर्कीसाठी वेगळे नियम आहेत आणि ते भीतीदायक आहेत. अंगावर लाल, पांढरं, निळं काही नको, मोज्याची कडसुद्धा नको, कारण वसंतातल्या नराचं डोकं नेमकं याच तीन रंगांचं असतं. बसायचं ते आपल्या खांद्यांपेक्षा रुंद बुंध्याला पाठ लावून, म्हणजे मागून कुणी झाडली तर झाड मध्ये येतं. दुसरा शिकारी दिसला तर हात हलवायचा नाही, टर्कीचा आवाज तर मुळीच काढायचा नाही. माणसाच्या आवाजात, खणखणीत, “अहो, मी इथे आहे” असं ओरडायचं. सगळी शिकार मादीचा आवाज काढण्यावर चालते, तेव्हा झुडपामागून मादी बोलतेय की माणूस, हे दुसऱ्याला कळायला मार्ग नसतो.

आणि खरी विद्या ती आवाजाचीच. निसर्गात नर झाडावरून ओरडतो आणि माद्या त्याच्याकडे जातात. शिकारी मादी बनून नरालाच आपल्याकडे बोलावतो, म्हणजे सगळा व्यवहार उलटा. म्हणून तर अवघड. आवाजाची साधनं तीन. एक लाकडी बॉक्स कॉल, डबीच्या कडेवर झाकण घासायचं. दुसरी तोंडात टाळूला चिकटवायची रबरी पडद्याची चकती. तिसरी मला बघताक्षणी ओळखीची वाटली: लाकडी वाटीत बसवलेली खरीखुरी दगडी पाटी आणि वर लाकडाची कांडी. प्राथमिक शाळेत पेन्सिल करकरली की गुरुजी कावायचे, तीच करकर इथे कमवायची. कांडी पेनासारखी धरून, टोक न उचलता, छोट्या गोलात फिरवली की ‘यल्प’ येतो. एकच ठोका दिला की ‘क्लक’. हलकेच ओढली की ‘पर’, म्हणजे मादी निवांत चरत असतानाची घुरघुर. भराभरा तुटक ठोके म्हणजे ‘कट’, वैतागलेली मादी. पाटीला अधूनमधून सॅंडपेपर मारावा लागतो, आणि तळहाताचा घाम लागला की ती मुकी होते.

तोंडातल्या चकतीचा रियाज मी मॅडिसन शहराच्या बेल्टलाइन हायवेवर, गाडीत, ऑफिसला जाता-येता केला, कारण घरात बंदी आली. शेजारच्या गाडीतल्या लोकांनी काय समजायचं ते समजो. उस्ताद ऐकून म्हणाले, “सूर ठीक आहे, पण फार बोलतोस.” चांगला बोलावणारा कमी बोलतो, हे त्यांचं मुख्य सूत्र. मादी सतत ओरडत नाही. नराने उत्तर दिलं की गप्प बसायचं, शोधू दे त्याला.

मी मूळचा भंडाऱ्याचा. आमच्याकडे फासेपारधी पिंजऱ्यातला पाळीव तितर घेऊन रानात जायचे, तो बोलायला लागला की रानातला तितर भांडायला चालून यायचा आणि फाशांत अडकायचा. तोंडाने हुबेहूब पाखरांचे आवाज काढणारी माणसंही त्यांच्यात होती. या विद्येला आपल्याकडे इंग्रजांच्या 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या वारशाने गुन्हेगारीचा शिक्का मिळाला आणि इथे त्याच विद्येची साधनं दुकानात भिंतभर टांगलेली असतात. मला ते रॅक बघताना बरं वाटलं नाही. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यातल्या पुढच्या दुरुस्त्यांनी शिकार बंद केली ते योग्यच होतं. पण ज्यांना रानाचं सगळ्यात जास्त कळत होतं त्यांचं पुढे काय करायचं, हे कुणी ठरवलं नाही.

आमची जागा होती व्हर्नन काउंटीत, मॅडिसनहून दीड-दोन तासांवर. हिमयुगातला बर्फ हा भाग सोडून आजूबाजूने गेला, त्यामुळे बाकीच्या सपाट मिडवेस्टमध्ये इथेच असे उभे कडे, अरुंद खोरी आणि वरच्या सपाटीवर शेतं. उतारावर समोच्च रेषेत पट्ट्यापट्ट्याने पेरलेली मका-अल्फाल्फाची शेतं दिसतात, ती 1933 मध्ये इथल्याच कून व्हॅलीत सुरू झालेल्या मृदसंधारणाच्या कामाची खूण. जमीन एका अमिश, म्हणजे मोटारीशिवाय जुन्या पद्धतीने राहणाऱ्या ख्रिस्ती पंथातल्या शेतकऱ्याची. परवानगी उस्तादांनी मार्चमध्येच, गोठ्यापाशी उभं राहून घेतली होती. गाड्या कुठे लावायच्या, कुठलं फाटक बंद करायचं, गाभण गाई कुठे आहेत, एवढंच बोलणं झालं.

इथली आजची टर्की ही परत आणलेली आहे. जंगलतोड आणि बेसुमार शिकारीने राज्यातली मूळची टर्की संपली. शेवटची नोंद 1881 ची, डार्लिंग्टनजवळची. मधल्या काळात पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी सोडून बघितले, ते तगले नाहीत. मग 1976 मध्ये मिझूरीत पकडलेले रानातले पक्षी आणून याच व्हर्नन काउंटीत सोडले आणि बदल्यात विस्कॉन्सिनने मिझूरीला रफ्ड ग्राउस दिले. पाखरांच्या मोबदल्यात पाखरं. सात वर्षांत शिकार उघडण्याइतकी संख्या झाली. याला लागणारा पैसा बराचसा शिकाऱ्यांचाच: रायफल, शॉटगन आणि काडतुसांवरचा कर, जो आज 11 टक्के आहे, 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांकडे वळवला. त्यावर परवान्यासोबतचा टर्की स्टॅम्प वेगळा. हे ऐकून माझा एक पुण्याचा मित्र म्हणाला, “म्हणजे मारण्यासाठीच वाढवतात ना?” हो, बऱ्याच अंशी. त्यात लपवण्यासारखं काही नाही. वसंतात फक्त दाढीवाला, म्हणजे छातीवर केसांसारखा झुपका लोंबणारा पक्षी मारता येतो, म्हणजे जवळजवळ सगळे नरच, आणि एक नर अनेक माद्यांना पुरतो. त्यामुळे हंगाम नीट आखला तर पुढच्या पिढीला धक्का लागत नाही.

आदल्या संध्याकाळी आम्ही लांबूनच ऐकत थांबलो. सूर्य बुडताना टर्की उडून झाडावर जाते. त्या वेळी घुबडाचा आवाज काढला तर नर चिडून ओरडतो आणि त्याचा मुक्काम कळतो. उस्तादांनी तोंडाने बार्ड घुबड काढलं. कड्याच्या टोकाकडच्या ओकांमधून लगेच उत्तर आलं.

पहाटे कपड्यांवर पर्मेथ्रिन हे कीटकनाशक आधीच मारलेलं होतं, कारण हा गोचिडींचा आणि लाइम रोगाचा प्रदेश. थंडी चांगलीच होती. रस्त्यावरून कंदील लावलेली एक बग्गी टापांचा आवाज करत गेली. अंधारात चढताना व्हिप-पूर-विल अखंड बोलत होता. हा आपल्या रातव्याच्याच कुळातला. शेताच्या कडेला फोमची एक मादी आणि एक छोटा नर असे दोन नकली पक्षी रोवले आणि वीसेक यार्ड मागे ओकाला टेकून बसलो. चेहऱ्यावर जाळी, हातात मोजे, गुडघ्यावर उस्तादांची 20 गेजची शॉटगन. तिच्या नळीच्या टोकाला घट्ट चोक होता, म्हणजे छर्रे कमी पसरावेत म्हणून आवळलेलं तोंड. आठवडाभर आधी कागदावर टर्कीच्या डोक्याचं चित्र लावून वीस, तीस, चाळीस यार्डांवरून छर्रे कसे पसरतात ते बघून ठेवलं होतं. नेम अंगावर धरायचा नसतो, मान आणि डोक्यावर धरायचा. अंगावर लागली तर पक्षी जखमी होऊन निघून जातो आणि झुडपात मरतो. चाळीस यार्डांपुढे माझ्याकडून चाप ओढला जाणार नाही, हे आम्ही आधीच ठरवलं होतं.

सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून झाडता येतं. तोवर नर झाडावरूनच ओरडायला लागला होता. हा आवाज ध्वनिमुद्रणात ऐकलेला वेगळा आणि शंभर यार्डांवरून ऐकलेला वेगळा. छातीच्या पिंजऱ्यात बसतो. उस्तादांनी झोपेतून उठलेल्या मादीचे तीन-चार हलके यल्प काढले आणि पाटी खाली ठेवली. नराने उत्तरावर उत्तरं दिली. मग पंखांची फडफड झाली, तो खाली उतरला, आणि त्याच्या पाठोपाठ खऱ्या माद्याही उतरल्या. खेळ संपला. त्याचा आवाज खोऱ्याच्या दिशेने लांब-लांब होत गेला.

थोड्या वेळाने दोन जेक आले, म्हणजे वर्षभराचे नर. शेपटीच्या पंख्यात मधली पिसं कडेच्या पिसांपेक्षा लांब, दाढी बोटभर. कायद्याने चालतात. नकली नराला दोघांनी मिळून धक्काबुक्की सुरू केली. पंचवीस यार्ड. पण एकाच्या मागे दुसरा, दुसऱ्याच्या मागे पहिला, असे ते सारखे फिरत होते आणि मध्येच एक मादीही येऊन उभी राहिली. दाढी असलेला एकच पक्षी, पलीकडे दुसरं काही नाही, असा क्षण मिळाला नाही. उस्तादांनी काही सुचवलं नाही. दहा मिनिटांनी जेकांना नकली पक्ष्याचा कंटाळा आला.

नवाच्या पुढे माद्या एकेक करून घरट्याकडे सटकतात, आणि सकाळी भाव न देणारा नर एकटा पडतो, हा उस्तादांचा खरा भरवशाचा काळ. आम्ही कड्याच्या माथ्यावरून हळूहळू सरकलो, शंभर पावलं, थांबणं, एक यल्प, ऐकणं. जमिनीवर पांढरे ट्रिलियम फुललेले, कुठेतरी खालच्या ओल्या जागेत सॅंडहिल क्रौंच ओरडत होते. वाळलेल्या एल्मखाली उस्तादांनी वाकून दोन मोरेल मशरूम टोपीत टाकले आणि चेहऱ्यावर काही न दाखवता पुढे झाले. तिसऱ्या-चौथ्या थांब्यावर कट मारल्याबरोबर खालून गडगडून उत्तर आलं, इतक्या जवळून की उभ्याचे आम्ही सरळ खालीच बसलो. नकली पक्षी लावायला वेळ नव्हता.

तो आला, पण साठ-सत्तर यार्डांवर अडला. उतारावर तिथे एक सपाट जागा होती. तिथे पिसारा फुलवून, पंखांची टोकं जमिनीवर घासत तो येरझारा घालू लागला. त्याच्या हिशेबाने तो दिसेल अशा जागी आलाय, आता मादीने यावं. अशा वेळी जास्त ओरडलं तर तो तिथेच ठाण मांडतो. उस्तादांनी पाटी खाली ठेवली आणि हाताने पाचोळा खरवडला: खर, खर-खर, मग शांतता. मादी पायाने पाचोळा उकरताना हाच ठेका असतो. एक हलका पर. पुन्हा पाचोळा. मी हललो नाही, कारण टर्कीला वास फारसा येत नाही पण नजर भयंकर. डोळे बाजूला असल्याने जवळजवळ मागचंही दिसतं, आणि रंग दिसतात. माझ्या मनगटावर गोचीड चढत होती, ती मला दिसत होती.

मग ढोल ऐकू आला. पिसारा फुलवलेला नर आधी ‘प्फट्’ असा आवाज करतो आणि पाठोपाठ खूप खालच्या पट्टीत एक गुणगुण, कानापेक्षा अंगालाच कळणारी. उताराच्या कडेवरून आधी पंखा दिसला, मग डोकं. पांढरं माथं, निळे गाल, लालभडक गळा, चोचीवरून लोंबणारी मांसल सोंड. पंख्याची सगळी पिसं सारख्या लांबीची. नर पूर्ण वयाचा. मधल्या दोन झाडांमागे तो गेला तेव्हा मी नळी बोटभर सरकवली. तीस यार्डांच्या आत आला, पण मान पिसांत ओढलेली, नेम धरायला जागा नाही. उस्तादांनी एकच कडक क्लक दिला. त्याने पिसारा मिटला, मान उंच केली. मागे नुसता उतार, मोकळा. मी झाडली.

तो जागीच पडला आणि पंख झाडत राहिला. जवळ जाऊन मानेवर पाय ठेवायचा, पण पायामागच्या स्परपासून, म्हणजे अणकुचीदार काट्यापासून जपून, मेलेल्या पक्ष्याच्या झटक्यानेही हात फाटतो. दाढी दहा इंचांच्या आसपास, स्पर इंचाला लागलेला, म्हणजे तीन वर्षांचा असावा. उन्हात धरल्यावर अंगाचं प्रत्येक पीस तांब्याचं, मग हिरवं, आणि टोकाला काळी पट्टी. डोक्यावरचा रंग मात्र आमच्यासमोर उतरत गेला. काही मिनिटांत निळं फिकट, पांढरं करडं. माझे हात थरथरत होते आणि आनंदही झाला होता. दोन्ही खरं होतं. रविवारी मटणाच्या दुकानापुढे रांगेत उभं राहताना हा भाग दुसरा कुणीतरी करतो, एवढाच फरक, असं मी स्वतःला सांगितलं. पूर्ण पटलं असं नाही.

पक्षी केशरी पिशवीत घालूनच खाली आणायचा, नाहीतर तुमच्या खांद्यावरच्या शेपटीवर कुणीतरी नेम धरेल. नोंदणी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी 5 च्या आत करायची असते. गाडीपाशीच फोनवरून परवानगी क्रमांक, काउंटी वगैरे भरलं आणि पोच मिळाली. वजन एकवीस पौंड भरलं. गोठ्यापाशी शेतकऱ्याला छातीचा अर्धा भाग दिला, त्याने लगेच आत नेऊन ठेवला.

साफ करताना उस्तादांनी गळ्याजवळची खाण्याची पिशवी उघडून दाखवली: मक्याचे दाणे, डॅंडेलियनची पानं आणि भुंगेरे. यावरून पुढच्या वेळी कुठे बसायचं ते कळतं म्हणे. छातीचं मांस कोवळं, पण चरबी नावाला नाही, जरा जास्त शिजलं की भुसा. त्याचे पातळ काप तव्यावर झटपट परतले. मांड्या आणि नळ्या ही वेगळीच चीज. आयुष्यभर चढ-उतार चाललेला पक्षी, नळीत हाडासारखे टणक स्नायुबंध. आईने व्हिडिओवर बघून निकाल दिला, “अरे, हा गावरान कोंबडा समज आणि सावजीच कर.” खसखस, खोबरं, दगडफूल भाजून वाटण केलं, कुकरच्या शिट्ट्या मोजणं सोडून दिलं आणि मंद आचेवर तासभर ठेवलं. कलेजी-पेटा आधीच वेगळा परतून संपला होता. जेवायला बोलावलेल्यांना एवढंच सांगितलं की सावकाश चावा. हे छर्रे टंगस्टनचे असतात, शिशापेक्षाही कितीतरी जड आणि कठीण, आणि दातांचा विमा इथे वेगळा घ्यावा लागतो.